कापूस पांढराच

माझ्या आणि सबनीसबाईंच्या दवाखान्यांमध्ये एक प्लायवुडची भिंत होती. भिंत आपली म्हणायला. पलीकडे कोणी शिंकलं की अलीकडे माझ्या खुर्चीत आ वासून पडलेला पेशंट दचकायचा. मी दातांचा डॉक्टर, त्या त्वचारोगतज्ज्ञ. डोंबिवली पूर्वेला पहिल्या मजल्यावरची एकाच मालकाची जागा आम्ही दोघांनी मधोमध चिरून घेतली होती. बाहेरची बाकडी सामाईक, पाण्याचा माठ सामाईक आणि खालच्या फरसाणवाल्याच्या कढईचा वासही सामाईक. त्यामुळे डॉ. कुमुद सबनीस या बाईंची प्रॅक्टिस मी डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त पाहिली आहे.

त्यांच्याकडे खरूज, नायटा, मुरमं, केस गळणं, सगळंच यायचं. पण एक विशिष्ट संवाद सुरू झाला की मी माझं मशीन बंद करून ऐकायचो. तो बहुतेक वेळा असा सुरू व्हायचा.

"मॅडम, याची मान बघा ना. रोज घासतो आम्ही. बेसन लावलं, लिंबू लावलं, काय फरक नाय. आंघोळच नीट करत नाय हा."

मग स्पिरिटच्या बाटलीचं झाकण फिरल्याचा आवाज यायचा, पाठोपाठ प्लायच्या फटीतून वास.

"हा कापूस बघा. कसा आहे?" बाई विचारायच्या.

"पांढरा."

"आता मी मान पुसते. चांगली जोर लावून पुसते. झोंबलं तर सांग रे बाळा." पुसून झालं की, "आता सांगा, कापूस कसा आहे?"

आईबाप गोंधळायचे. "पांढराच आहे."

"मळ असता तर कापसावर आला असता. आला नाही. म्हणजे मुलगा स्वच्छ आहे. आता पहिलं काम, त्याला सॉरी म्हणा."

इथे हमखास घोटाळा व्हायचा. पोटच्या पोराला सॉरी म्हणायची आपल्याकडे रीत नाही. वडील हसण्यावारी न्यायचे, आई म्हणायची, "अहो मॅडम, त्याच्या भल्यासाठीच..." पण बाई हटायच्या नाहीत. बाहेर कितीही खोळंबा होवो, सॉरी कानावर पडल्याशिवाय पुढचं अक्षर काढायचं नाही, असा त्यांचा नेम होता. काही बाप तिथून उठून गेले, ते परत आले नाहीत. बाईंना त्याचं फारसं वाटत नसे.

या दुखण्याला पुस्तकात एक लांबलचक नाव आहे. बाई ते कधी उच्चारत नसत. त्या समजावायच्या ते असं : "साखर पेशीच्या घरात जायची तर कोणीतरी दाराची बेल वाजवावी लागते. ते काम इन्सुलिनचं. वजन वाढलं की पेशी बहिऱ्या होतात, दार उघडत नाहीत. मग शरीर आणखी इन्सुलिन सोडतं, आणखी बेल वाजवतं. पेशी ढिम्म. पण त्या गोंगाटाने मानेची, काखेतली कातडी जागी होते आणि उगाच वाढायला लागते. जाड होते, काळी होते, मखमलीसारखी लागते. कातडी बिचारी निरोप्या आहे. निरोप्याला कशाला घासता?" मग आवाज खाली आणून, "मान चुगली करते हो. घरात काय चाललंय ते बाहेर सांगते. तिचं ऐका."

मान चुगली करते, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी ते इतक्या वेळा ऐकलं की माझ्या दातांच्या पेशंटांच्या मानाही मी नकळत बघायला लागलो.

बाई दिसायला ठेंगण्या आणि चांगल्या जाडजूड. अंबाडा अगदी वर बांधलेला, ब्लाउजचा मागचा गळा खोल. पन्नाशीतल्या बाईने असला गळा का शिवावा, यावर बाहेरच्या बाकड्यांवर कुजबुज चालायची. कारण उघड होतं. त्यांची स्वतःची मान काळी होती, वळ्यावळ्यांची, आणि ती त्या मुद्दाम उघडी ठेवायच्या. "ही माझी पाटी," म्हणायच्या. नवा मुलगा आला की त्याच्याकडे पाठ करून बसायच्या आणि म्हणायच्या, "लाव हात. तुझ्यासारखीच आहे की नाही?" लहान मुलं हात लावायची, खुदकन हसायची. मोठी मुलं, विशेषतः मुली, हात लावायच्या आणि कधीकधी रडायच्या.

कल्याणच्या चाळीत बाईंचं लहानपण गेलेलं. आई कामाला जुंपलेली, पण रविवारी न्हाणीघरात बसवून या लठ्ठ मुलीची मान वज्रीने घासायची. टाचा घासायची ती वज्री. "आई माझी वाईट नव्हती रे," मला एकदा सांगत होत्या. "तिला माझी लाज वाटायची, आणि लाज वाटते याचीही लाज वाटायची. मग ती आणखी जोरात घासायची." बाईंना तिशीतच मधुमेह झाला. तोवर त्या स्वतः त्वचारोगाच्या डॉक्टर झालेल्या होत्या.

एवढं कळत असून संध्याकाळी पेशंट ओसरले की खालून एक प्लेट समोसा वर यायचा. मी दारात उभा राहिलो की प्लेट पुढे करायच्या. "घे दंतोबा. मी खाते आणि कातडीची वाट लावते, तू खा आणि दातांची लाव. आपलं दोघांचं दुकान चालायला हवं." मी एकदा चिडून बोललो की बाई, जगाला सांगता आणि स्वतः हे काय. त्यावर त्यांनी समोसा संपवला, हात पुसले आणि म्हणाल्या, "कळून वळत नाही, याचा मी जिवंत पुरावा आहे. म्हणून तर पोरांना वेळेत धरायला बघते. माझं गेलं ते गेलं." पुढे मी त्यांना बोललो नाही. एकट्या राहायच्या, घरी वाट बघणारं कोणी नव्हतं, त्या प्लेटीवर आपण काय बोलायचं.

स्वरा त्यांच्याकडे आली ती दिवाळीनंतर. सहावीतली मुलगी, शहाडहून आईबरोबर आली होती. शाळेत वर्गशिक्षिकेने सगळ्या वर्गासमोर "उद्या मान धुवून ये" म्हणून सांगितलेलं. पोरं तिला "काळी पट्टी" म्हणायची. मग नरकचतुर्दशीला पहाटे आजीने उटणं लावलं आणि आईने वज्री घेतली. अभ्यंगस्नानाच्या दिवशी तरी मान निघेल, या आशेने दोघींनी मिळून घासली. ती माझ्या समोरून आत गेली तेव्हा तिच्या मानेवर खपल्या होत्या.

त्या दिवशी कापसाचा खेळ झाला नाही. सोललेल्या मानेवर स्पिरिट कसं लावणार? मग बाईंचा आवाज आला, नेहमीसारखा खणखणीत नव्हता. "कशाने घासली?"

"वज्रीने," आई म्हणाली. प्रणाली तिचं नाव. ठाण्याला एका कुरिअरच्या ऑफिसात होती, नवरा कारखान्यात शिफ्टला. "मॅडम, शाळेत चिडवतात हो हिला. मी काय करू? सगळे मलाच बोलतात, आई असून पोरीला आंघोळ घालत नाय."

त्या दिवशी बाईंनी कोणालाही सॉरी म्हणायला लावलं नाही.

पुढचं वर्ष-दीड वर्ष मी स्वराचा खटला ऐकत होतो. रक्त तपासलं. साखर अजून हद्दीत होती, पण इन्सुलिन आभाळाला टेकलेलं. म्हणजे मधुमेह दारात उभा होता, आत आला नव्हता. बाईंच्या लेखी याहून मोठी संधी नव्हती. त्या अशा पेटल्या की विचारू नका. बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, आहार लिहून दिला, मानेला साधं मऊ करणारं मलम दिलं आणि दर वेळी बजावलं, "मलम मानेच्या समाधानासाठी आहे. औषध म्हणजे हालचाल. पोरगी धावली पाहिजे, उड्या मारल्या पाहिजेत."

"कुठे मारणार मॅडम?" प्रणालीचा प्रश्न रास्त होता. सोसायटीच्या आवारात गाड्या. मैदानावर मंडप नाहीतर मोठी मुलं. शाळेतून आली की ट्यूशन, ट्यूशनहून आली की अंधार. आजी घरी, ती म्हणायची, "वाढत्या अंगाची पोर, तिला उपाशी ठेवू काय?" आणि तुपाची पोळी पुढे करायची.

"गच्ची आहे ना?"

"गच्चीला कुलूप असतं. सेक्रेटरी देत नाय."

झालं. रविवारी बाई शहाडला निघाल्या आणि माझ्याकडे स्कूटर होती म्हणून मलाही जुंपलं. सेक्रेटरी बनियनवर पेपर वाचत बसलेले. गच्चीचं वॉटरप्रूफिंग नवीन आहे, पोरांनी उड्या मारल्या की गळतं, नियम सगळ्यांना सारखा, असं त्यांनी आम्हाला ऐकवलं. बाई शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "साहेब, जरा मान खाली करता?"

गृहस्थ इतके चक्रावले की त्यांनी खरंच मान खाली केली. बाईंनी चष्मा सावरून पाहिलं. "शुगर कधी तपासलीत?"

"मी? मला काय झालंय?"

"अजून काही नसेलही. पण मान चुगली करते. उद्या उपाशीपोटी रक्त देऊन या. आणि ती किल्ली."

किल्ली मिळाली. परत येताना पत्री पुलावर गाड्या अडकल्या होत्या, ऊन टाळूवर येत होतं, आणि मागे बसलेल्या बाई लहान मुलीसारख्या हसत होत्या. त्यांना इतकं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

ते काही महिने खरोखर बरे गेले. स्वरा रोज संध्याकाळी गच्चीवर दोरीवरच्या उड्या मारायची, खालच्या मजल्यावरच्या दोन मैत्रिणीही यायला लागल्या. वजन वाढायचं थांबलं, मग जरा उतरलं. बाई एकदा माझा पेशंट खुर्चीत असताना आत घुसल्या आणि मोबाइल माझ्या नाकाशी धरला. "बघ. आधीचा फोटो. हा आजचा. उजळलीय की नाही? खरं सांग हं, मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस." थोडी उजळली होती. काखेतलाही जाडपणा कमी झालाय, असं त्यांनी माझ्या पेशंटलाही सांगितलं. त्याच्या तोंडात कापूस होता, तो बिचारा नुसता मान डोलावत राहिला.

मग वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाने तक्रार केली की डोक्यावर धाडधाड होतं, आजारी माणसाला झोप लागत नाही. त्यांचंही खोटं नव्हतं. कमिटी बदलली आणि नव्या सेक्रेटरींनी कुलूप बदललं. बाई पुन्हा शहाडला गेल्या, पण नवे गृहस्थ सडपातळ निघाले. त्यांची मान लख्ख होती.

त्यानंतर सगळं सैल पडत गेलं. प्रणालीला घरी यायला उशीर व्हायचा. पावसाळा आला, स्वरा मोबाइल घेऊन घरात बसली. वजन पुन्हा चढलं आणि मानही पूर्वीच्या रंगावर आली. प्रणाली दोन महिन्यांनी आली, मग चार महिन्यांनी. दर वेळी तिचा एकच प्रश्न असायचा, "पण मान कधी साफ होणार मॅडम?" आणि बाई दर वेळी तेच समजवायच्या, बेल आणि बहिऱ्या पेशी. मला भिंतीपलीकडे कळत होतं की दोघी वेगवेगळ्या आजारांबद्दल बोलताहेत. प्रणालीच्या लेखी आजार मानेवर होता.

मार्च महिन्यात त्या मायलेकी पेढ्यांचा बॉक्स घेऊन आल्या. प्रणालीच्या भावाचं लग्न झालं होतं. मला वाटलं त्याचेच पेढे.

"मॅडम, आधी तोंड गोड करा. मग बघा." प्रणालीचा आवाज आनंदाने फुटत होता. "स्वरा, केस वर कर. बघा मॅडम! एकदम क्लिअर!"

माझं मशीन मी बंद केलं.

"कुठे केलंत?" बाईंनी विचारलं.

ठाण्यात. एका चकचकीत ठिकाणी पॅकेज घेतलं होतं. कातडीची सालं काढायची औषधं, कसला तरी लेझर, वर घरी कायम लावायला क्रीम. लग्नात स्वराने मागून नुसत्या नाड्यांनी बांधलेली घागरा-चोळी घातलेली, सगळ्यांनी फोटोचं कौतुक केलं.

"आणि वजन?"

"ते लग्नाच्या गडबडीत जरा..."

"रक्त?"

"आता रक्त कशाला मॅडम? गेलं ना सगळं."

"प्रणाली," बाई म्हणाल्या, आणि मला वाटलं की आता तोफ सुटणार. ती सुटली नाही. त्या अगदी हळू बोलत होत्या. "या मुलीच्या आत जे चाललंय ते सांगणारी ही एकटी मान होती. तिचं तोंड बंद केलंत. आतलं तसंच चालू आहे. आता आपल्याला कोण सांगणार?"

प्रणाली दुखावली. कोणीही दुखावलं असतं. "मॅडम, तुमच्याकडे आम्ही एवढे दिवस आलो. तुम्ही म्हणालात तसं केलं, जमेल तेवढं केलं. मान नाय झाली साफ. त्यांनी करून दिली. तुम्हाला जरा पण आनंद नाय झाला?"

तेवढ्यात स्वरा बोलली. ती फारशी बोलत नसे, म्हणून तिचा आवाज मला अजून आठवतो. "मॅडम, आता शाळेत मला कोण काय बोलत नाय."

बाई म्हणाल्या, "ते फार चांगलं झालं बाळा." मग पेढ्याचा कागद वाजला. बाईंनी पेढा खाल्ला.

त्यानंतर त्या मायलेकी आल्या नाहीत. बाई फोन करायच्या, रक्त तपासून घ्या म्हणून विनवायच्या. सुरुवातीला प्रणाली उचलायची, "हो हो, परीक्षा झाली की येतो" म्हणायची. मग फोन उचलणं बंद झालं. मी म्हटलं, "बाई, सोडा आता. तुमच्या हातात होतं ते केलंत." त्यावर त्या भडकल्या. "माझ्या हातात काय होतं? कापूस. कापसाने कोणाचा आजार जातो?" त्यांच्यात कुठेतरी पीळ गेला होता, तो परत आला नाही. कापसाचा खेळ त्या करायच्या, पण सॉरीसाठी पूर्वीसारख्या अडून बसत नसत. कोणी गोरं व्हायचं मलम मागितलं तर वाद न घालता म्हणायच्या, "ठाण्याला मिळतं."

पुढे नव्या चपलेने त्यांच्या पायाला फोड आला. त्यांनी तो स्वतःच बघितला आणि स्वतःच दुर्लक्ष केलं. फोडाची जखम झाली, जखम चिघळली, आणि कल्याणच्या एका हॉस्पिटलमध्ये त्यांची दोन बोटं काढली. मग पाऊल. पलीकडची खोली बंद झाली. मालकाने भाडेकरू बघायला सुरुवात केली, आणि माझ्या खुर्चीवरचे पेशंट कोणी शिंकलं म्हणून दचकेनासे झाले.

अशात एक दिवस प्रणाली स्वराला घेऊन माझ्याकडे आली. नववीतली मुलगी, हिरड्या सुजलेल्या, एका दाताखाली पू. एवढ्या वयात असल्या हिरड्या मी फार पाहिल्या नव्हत्या. मी तिला तहानेचं विचारलं. "खूप लागते," ती म्हणाली. "बाटली घेऊनच झोपते." मी हत्यारं खाली ठेवली आणि आधी रक्त तपासून यायला सांगितलं. तेच तपासा म्हणून बाईंनी किती फोन केले होते.

रिपोर्ट आला तेव्हा प्रणालीने तो माझ्या टेबलावर ठेवला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मधुमेह होता, आणि तो आज-कालचा नव्हता. मी जमेल तेवढ्या सौम्यपणे सांगितलं, कोणाकडे जायचं ते लिहून दिलं. तिने स्वराच्या केसांची वेणी उचलली, मान उघडी केली आणि मला दाखवली.

"पण डॉक्टर, मान तर स्वच्छ आहे ना हिची?"

खरंच स्वच्छ होती. मी होय म्हणालो.

त्याच रविवारी मी कल्याणला गेलो. वॉर्डात खिडकीजवळची खाट होती. बाई अर्ध्या झालेल्या. अंबाडा कोणीतरी सोडून साधी वेणी घातली होती, ती मानेवर लोळत होती. पांघरुणाखाली एका बाजूला पाय संपत होता, तिकडे मी बघायचं टाळलं. फरसाणवाल्याची चौकशी झाली, भाडेकरूची झाली. मग त्या म्हणाल्या, "शहाडची ती मुलगी कशी आहे रे? काही कळलं?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आणि त्यांना बघण्याचीच सवय होती. मी सांगितलं. हिरड्या, तहान, रिपोर्ट. प्रणालीचा प्रश्न मात्र मी गाळला.

त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "गोड पोरगी होती. दोरीवर डावा पाय आधी टाकायची."

तेवढ्यात वॉर्डातल्या मावशी तसराळ्यात गरम पाणी आणि पांढरा टॉवेल घेऊन आल्या. अंग पुसायची वेळ होती. मी उठायला लागलो, पण मावशींनी "बसा ओ, नुसतं तोंड-मान पुसते" म्हणून बसवलं. त्यांनी बाईंना पुढे वाकवलं, वेणी बाजूला केली आणि जिभेने चुकचुक आवाज काढला.

"किती मळ साचलाय ओ आजी! कोणी घासलंच नाय वाटतं कधी."

आणि त्या घासायला लागल्या. टॉवेलचा पीळ करून, अगदी मनापासून. मी पुढे झालो, "अहो मावशी, तो मळ नाही," एवढं तोंडातून निघतंय तोच बाईंनी हात वर करून मला थांबवलं.

"घासू दे," त्या म्हणाल्या आणि मान आणखी खाली केली.

मावशींनी टॉवेल डोळ्यांजवळ नेऊन उलटसुलट करून पाहिला. तो पांढराच होता. मग त्यांनी तो पुन्हा गरम पाण्यात बुडवला.